पुयावची तोंगाली

सगळ्या डोंगराची कापणी उरकली होती. वरच्या पायरीपासून खाली नदीपर्यंत नुसते खुंट उरले होते, खुंटांत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात ढग उतरून निवांत बसले होते. मधोमध लागुन्नायचं तेवढं शेत उभं होतं, पिवळंधमक, लोंब्यांच्या भारानं वाकलेलं. येणारा-जाणारा बांधावर थांबायचा, शेताकडे बघायचा, मग कडेच्या खोपटाकडे बघायचा आणि गप पुढे जायचा. बोलायचं ते पाणवठ्यावर जाऊन मन भरून बोलायचा.

"म्हातारीला चळ लागलाय."

"चळ कसला? चिमण्यांचं कल्याण करतेय. यंदा चिमण्या उडेनात, चालत जातात."

लागुन्नायला हे सगळं कळत होतं. ती खोपटात बसून दोरी ओढायची, दोरी ओढली की शेतभर बांधलेले बांबू खडखडायचे, चिमण्या भुर्रकन उठायच्या आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा बसायच्या. कापणी कर म्हणून सांगायला कुणी आलं, तर ती म्हणायची, "अजून थोडा दाणा भरू दे." दाणा केव्हाच भरला होता. आता तो गळायला लागला होता.

खरी गोष्ट वेगळी होती. गावाचा रिवाज असा, की ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं, त्या घरानं आणि गावानंही त्याचं नाव उच्चारायचं नाही. मग नवा भात पिकला, कापला, शिजला, की पहिलं ताट त्याचं वाढायचं. घरच्या माणसानं दारात उभं राहून त्याला नावानं हाक मारायची, जेवायला बोलवायचं. तो येतो, जेवतो आणि मग कायमचा जातो. पुन्हा दिसत नाही, स्वप्नातही नाही.

आणि तिचा गेलेला नवरा, पुयाव, तिला रोज दिसत होता.

दुपारी ऊन तापलं, वारा पडला, की खोपटात तिला डुलकी लागायची. डुलकी लागली की तो खालच्या बांधावर बसलेला असायचा. पाय पाण्यात सोडलेले, एका नाकपुडीत तंबाखूच्या पानाचा बोळा, दुसरी नाकपुडी किंचित वर उचललेली, अगदी तोंगाली, ती नाकानं वाजवायची बांबूची बासरी, वाजवायला बसायचा तसाच. बोटंही हलायची. हातात तोंगाली मात्र नसायची. नुसत्या हवेवर तो बोटं ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा आणि आवाज काही निघायचा नाही. भाताची पाती हलायची, पाण्यातले ढग सरकायचे आणि तो आपला वाजवत राहायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पुयावची मेल्यावरही गेली नव्हती.

त्याच्या हातात ती नव्हती, कारण ती खोपटाच्या छपरात, गवताच्या पेंढीत खोचलेली होती. लागुन्नायनंच खोचली होती. दफनाच्या दिवशी त्याच्याबरोबर त्याचा कोयता ठेवला, तंबाखूची पिशवी ठेवली आणि कुणीतरी म्हणालं, "तोंगाली आणा, उजव्या हातात द्यायची." तेव्हा ती लागुन्नायच्याच कमरेच्या कापडात गुंडाळलेली होती. ती म्हणाली, "सापडत नाही." सगळ्यांनी घर पालथं घातलं. तिनं स्वतः तर चुलीतली राखसुद्धा उपसून बघितली.

का केलं तिनं असं? रागानं केलं. स्वतःवरच्याच रागानं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी काम संपलं की तो खालच्या बांधावर बसून एकच धून वाजवायचा. तिच्यासाठी बांधलेली धून, असं तो म्हणायचा. आणि ती? ती चुलीपाशी. लाकडं ओली म्हणून चुलीला शिव्या देतेय, डुकराला हाकलतेय, गोगलगायींच्या कालवणात मिरच्या तोडून टाकतेय. एक कान धुनेकडे, तोही अर्धा. एकदा तो म्हणाला होता, "तोंडानं माणूस खोटं बोलतो, भांडतो. नाकाचा श्वास तेवढा चोख. म्हणून तोंगाली नाकानं वाजवायची." त्यावर तिनं विचारलं होतं, "मग रात्री घोरतोस ते कुठल्या श्वासानं?" तो इतका हसला, की नाकातला बोळा उडून कालवणात पडला होता. बस, धुनेविषयी त्यांचं बोलणं झालं ते एवढंच.

तो गेला त्या दिवशी तिनं ती धून मनात आठवून बघितली, तर तिला पहिले दोन सूर आले आणि पुढे नुसता चुलीचा धूर. त्या गोष्टीचं तिला इतकं वाईट वाटलं, की तिनं तोंगाली लपवली.

मग तो स्वप्नात यायला लागला आणि ती त्याची बोटं बघायला लागली. जाग आली की छपरातून तोंगाली काढायची, नाकपुडीत बोळा कोंबायचा आणि बघितलेली बोटं तशीच ठेवून श्वास सोडायचा. सुरुवातीला नुसती फुसफुस यायची. मग एक सूर आला. मग दुसऱ्या दुपारी त्याला जोडून पुढचा. असं करत करत, पावसाळी भात फुटवे धरतो तसं, धुनेला अंग आलं. खालून हळूच निघायची, बांधाबांधानं वर चढायची, मागे वळून बघितल्यासारखी एकदा खाली यायची आणि पुन्हा वर. तिथं वर गेल्यावर एका सुराभोवती घुटमळायची आणि तिथंच स्वप्न संपायचं. रोज तिथंच. तो बोटं थांबवायचा नाही, पण मान वर करून तिच्याकडे बघायचा. बघतच राहायचा. आणि तिला जाग यायची.

तो तोंगाली मागतोय, हे तिला कळत होतं. कळत असून ती देत नव्हती. अजून शेवट राहिलाय, शेवट हाती आला की देईन, असं ती स्वतःला सांगायची. त्याच्या रित्या हातांवरून ती धून चोरत होती आणि त्याला रिता ठेवत होती. चांगल्या बाईचं हे काम नव्हे. ते तिलाही ठाऊक होतं.

अशात इपाय आली. लागुन्नायची ही एकुलती एक मुलगी ताबुकला दिली होती. ती जीपच्या टपावर बसून, केसांत धूळ घेऊन आली आणि घरी न जाता थेट शेतावर आली. तिनं एक लोंबी हातात घेतली, तळव्यावर चोळली, दाणे फुंकले आणि आईकडे बघितलं.

"इना, हे काय मांडलंयस?"

"काय मांडलंय? बसलेय."

"निम्मं शेत चिखलात गळलंय. लोक मला तिथं बाजारात विचारतात, तुझ्या आईला बरं नाही का म्हणून."

"लोकांना सांग, आईला बरं आहे, लोकांनी स्वतःची नाडी बघावी."

इपाय खोपटात येऊन तिच्याजवळ बसली. थोडा वेळ दोघींनी दोरी ओढली, एक ह्या बाजूची, एक त्या बाजूची. मग इपाय हळूच म्हणाली, "इना, मला अमा स्वप्नात दिसला."

लागुन्नायच्या हातातली दोरी सैल पडली. पोरीचा बाप फक्त आपल्यालाच दिसतो, असं ती धरून चालली होती.

"कसा होता?"

"वाळलाय. दाराबाहेर उभा होता. मी म्हटलं, आत ये ना. तर येईना. तुझ्याकडे बघत होता नुसता. इना, तो उपाशी आहे गं. कापणी करूया. त्याला बोलावूया आणि जाऊ देऊया."

लागुन्नायला ते लागलं. आपण त्याला रिकाम्या हातांनी बसवलंय एवढंच तिला ठाऊक होतं, उपाशी ठेवलंय हे तिच्या मनात आलं नव्हतं. त्या दुपारी ती झोपलीच नाही. डोळे मिटले तर तो दिसेल आणि त्याच्या फासळ्या दिसतील, अशी भीती तिला वाटली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं मनाशी ठरवलं. त्याची तोंगाली त्याला द्यायची, पण त्याआधी तिच्यासारखी दुसरी करून घ्यायची. म्हणजे आवाज तरी मागे राहील. चुलीवरच्या माळ्यावर धुरानं सुकलेला एक बांबू होता. तिनं तो उतरवला, पुयावची तोंगाली शेजारी ठेवली, कोळशानं भोकांच्या खुणा केल्या आणि तापल्या सळईनं भोकं पाडली. काम नेटकं झालं. दिसायला जुळी बहीण. मग तिनं श्वास सोडला आणि अंगणातलं डुक्कर उठून पळालं.

तिनं पुन्हा वाजवून बघितली. बोटं तीच, धून तीच, पण प्रत्येक सूर शेजारच्याशी भांडून आलेला. इपाय आतून म्हणाली, "इना, कुणाचं काय दुखतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लागुन्नाय दोन्ही बासऱ्या कापडात गुंडाळून समोरच्या उतारावर गुमिलाबकडे गेली. गुमिलाब तिच्याच वयाचा, एकटा राहणारा. लग्न का केलं नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "मी विचारलं होतं, पण तोवर ती दुसऱ्याची तोंगाली ऐकून बसली होती." ती कोण, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि गावानं कधी विचारलं नाही, कारण गावाला ठाऊक होतं. डोंगरातल्या बहुतेक तोंगाल्या त्याच्याच हातच्या. पुयावचीसुद्धा.

"ये," तो म्हणाला. "कॉफी घे. काल तुझ्या घरातून काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं, मांजर विहिरीत पडलं."

"नाकानं कांदे सोलू नकोस. हे बघ." तिनं नवी तोंगाली पुढे केली.

त्यानं ती फिरवून बघितली. भोकांवर अंगठा फिरवला.

"कुणी केली?"

"मी."

"ते ऐकूनच कळलं. माप कुठून घेतलंस?"

लागुन्नायनं मांडीवरचं कापड घट्ट गुंडाळलं.

"लागुन्नाय, माप कुठून घेतलंस?"

तिनं कापड पूर्ण उलगडलं. गुमिलाबनं जुनी तोंगाली उचलली नाही. नुसती बघितली. आपल्या हातची वस्तू माणूस अंधारातही ओळखतो, ही तर भर सकाळ होती.

"सापडली म्हणायची," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"दफनाच्या दिवशी सगळ्यांत जोरात तूच शोधत होतीस. चुलीत कुणी तोंगाली शोधतं का? चोराच्या मनात चांदणं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो, तर गाव म्हणालं असतं, मेलेल्यावर अजून खार खातो." त्यानं नवी बासरी तिच्या मांडीवर ठेवली. "ही चुलीत घाल. एका बांबूचं माप दुसऱ्याला लावलंस. नवऱ्याची चप्पल पायात घालून डोंगर चढायला निघालीस. अगं, दोरा त्याच बांबूच्या अंगाभोवती गुंडाळायचा, तोच दोरा मग लांबीवर ठेवत जायचा आणि तो सांगेल तिथं भोक पाडायचं. प्रत्येकाचं माप त्याच्या स्वतःच्या अंगात असतं. त्याची तोंगाली पुन्हा होणार नाही. मीसुद्धा करू शकणार नाही. तसा बांबू पुन्हा उगवणार नाही."

लागुन्नायनं मान खाली घातली. मग तिनं सगळं सांगून टाकलं: दुपारची डुलकी, रिते हात, बोटं, रोज थोडं थोडं गोळा केलेली धून. "सगळी आली," ती म्हणाली. "शेवट येत नाही. तेवढा शेवट मिळू दे, मग मी त्याला त्याचं देईन, कापणी करीन, सगळं करीन. तू रोज ऐकायचास ना इथून? तुला शेवट ठाऊक असेल."

"वाजव बघू."

तिनं बोळा घातला आणि पुयावच्या तोंगालीवर वाजवायला लागली. गुमिलाबनं डोळे मिटले. धून खालून निघाली, बांधाबांधानं वर चढली, एकदा मागे वळली, पुन्हा वर गेली आणि त्या सुराभोवती घुटमळली. तिथं लागुन्नायचा श्वास थांबला. समोरच्या उतारावर तिचं शेत उन्हात पिवळं दिसत होतं आणि त्याच्यावर चिमण्यांचा एक थवा नुसताच गोल फिरत होता.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे काय?"

"पुढचं सांग ना."

"पुढे काही नाही," गुमिलाब म्हणाला. डोळे त्यानं अजून उघडले नव्हते. "तो तिथं वर जायचा आणि घुटमळत राहायचा. आणि मग तू दारात यायचीस."

"मी?"

"मग कोण? दारात येऊन ओरडायचीस. त्याचं नाव आत्ता घेता येत नाही, पण अमक्या, भात झाला, ये, असं. अख्ख्या दरीला ऐकू जायचं. माझी डुकरंसुद्धा उठून बसायची. तू हाक मारलीस की तो थांबायचा, तोंगाली कमरेला खोचायचा आणि वर चढायला लागायचा. ती धून अशीच होती. तिचा शेवट तुझ्याकडे होता."

लागुन्नायनं नाकाजवळची तोंगाली खाली घेतली.

"एकदा तू माहेरी गेली होतीस," तो म्हणाला, "आठवतं? त्या दिवशी अंधार पडला तरी हा वाजवतोयच. तोच सूर, तोच सूर. शेवटी मीच इथून ओरडलो, अरे बाबा, जेव आता आणि आम्हाला झोपू दे."

"मग थांबला?"

"छे. माझ्या हाकेनं तो कशाला थांबतोय?"

तेव्हा तिला ती नजर आठवली. बोटं हलतायत, मान वर झालीय, तो तिच्याकडे बघतोय, बघतोय. तोंगालीसाठी नव्हता बघत. हाकेची वाट बघत होता. रोज दुपारी तो त्या वरच्या सुरावर येऊन घुटमळत होता आणि ती रोज त्याची बोटं बघत बसली होती, तोंडातून शब्द न काढता. भात उभा, चूल थंड आणि तो उपाशी. लागुन्नाय रडली. आवाज करून, नाक पुसत, बोळा नाकातच विसरून रडली. गुमिलाबनं तिला रडू दिलं.

"मी पण त्याच हाकेवर जेवलो," थोड्या वेळानं तो म्हणाला, दोरा बोटाभोवती गुंडाळत. "मला कोण हाक मारणार? तुझा आवाज आला की मी माझं भांडं चुलीवरून उतरवायचो. तो गेल्यापासून माझा भात रोज करपतो." आणि मग तो उठला आणि उगाचच बांबूंचा ढीग नीट लावायला लागला.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत लागुन्नाय शेतात उतरली. इपाय होती, पाणवठ्यावरच्या बायका होत्या. ज्या जास्त बोलल्या होत्या, त्याच आधी आल्या. चिमण्यांनी खाल्लं, चिखलानं घेतलं, तरी उरलं ते घराला पुरेसं होतं. पेंढ्या बांधताना एकीनं फक्त एवढं म्हटलं, "तुझ्या चिमण्या आता कुठं जातील गं?" आणि सगळ्या हसल्या. लागुन्नायही हसली.

पुयावला धान्याच्या कोठाराशेजारी पुरलं होतं. ऊन कलायच्या आधी ती तिथं गेली, त्याच्या उजव्या हाताच्या बाजूची माती तिनं बोटांनी उकरली आणि तोंगाली आत ठेवली. ठेवण्याआधी एकदा नाकाशी नेली. तंबाखूचा वास अजून होता. तिला वाटलं होतं की हे जमणार नाही, हात मागे येणार नाही. पण भुकेल्या माणसाच्या हातात वस्तू दिल्यासारखा हात सहज रिकामा झाला. माती लोटून ती उठली आणि तांदूळ कांडायला गेली.

नव्या भाताचा वास सगळ्या घरात भरला. गोगलगायींचं कालवण झालं, मिरच्या नेहमीसारख्या जास्तच पडल्या. इपायनं लाकडी ताट पुसून ठेवलं. दरीत ऊन उतरणीला लागलं होतं, खाली नदीवर धुकं धरायला लागलं होतं आणि कापलेल्या शेतात पहिल्यांदाच ढगांना जागा झाली होती.

"इना," इपाय म्हणाली. "बोलाव."

लागुन्नाय दारात गेली. तिनं तोंड उघडलं आणि आवाज येईना. ही हाक मारली की तो येणार, आणि आला की जाणार. तिनं चौकट धरली. ती तशीच उभी राहिली आणि आत भाताची वाफ जिरत चालली.

तेव्हा समोरच्या उतारावरून तोंगाली ऐकू आली.

गुमिलाबची होती. जरा खरखरीत, म्हाताऱ्या श्वासाची, दुसऱ्याच अंगाची. पण धून तीच. खालून हळूच निघाली, बांधाबांधानं वर चढली, एकदा मागे वळून पुन्हा वर आली आणि त्या सुराभोवती घुटमळायला लागली. थांबली नाही. पुढे गेली नाही. वाट बघत राहिली.

"पुयाव," लागुन्नायनं हाक मारली, दरी भरून जाईल एवढ्या मोठ्यानं. "भात झाला. ये."

तोंगाली थांबली.

खालच्या बांधावरून वर चढून यायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती दारात थांबली. मग बाजूला सरकून तिनं वाट दिली आणि आत जाऊन वाढायला घेतलं.